उपग्रहाला भात कसा दिसतो?

घोटीचा भात घोटीत राहत नाही. इथल्या गिरण्यांत भरडला जाऊन तो नाशिक-मुंबईच्या दुकानांतून ‘घोटीचा तांदूळ’ म्हणून विकला जातो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण हा भात नेमका किती जमिनीवर उभा असतो, नागली किती, वरई किती, आणि यंदा हेक्टरी काय उतरले, असे कोणी विचारले तर उत्तर देणारे तीन-चार जण निघतात आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे असते. सातबाऱ्यावरील पीक पाहणी एक सांगते, पैसेवारी दुसरे, आणि गिरणीवाल्याचा अंदाज तिसरेच. अलीकडे या मंडळीत आणखी एक साक्षीदार येऊन बसला आहे. तो सुमारे सातशे किलोमीटर उंचीवरून आपल्या डोक्यावरून जातो आणि त्याने कधी चिखलात पाय घातलेला नाही.

हा विषय विज्ञान शाखेच्या मंडळींचा, असे म्हणून आपण कला शाखेवाल्यांनी सोडून द्यावा, असे मला वाटत नाही. एक तर तो भूगोलाचा आहे. आणि दुसरे म्हणजे तो पैशाचा आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून भाताच्या उत्पन्नाचा अंदाज काढताना उपग्रहासारख्या तंत्रावर आधारलेल्या आकड्याला किमान ३० टक्के वजन देण्याचे केंद्राने ठरविले. म्हणजे आपल्या खाचरात काय पिकले, हे ठरविताना आकाशातील साक्षही आता धरली जाते. साक्षीदार कसा पाहतो, त्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे ज्याचे खाचर आहे त्याला कळायला नको काय?

प्रथम तो किती बारीक पाहतो ते पाहू. उपग्रहाचे चित्र म्हणजे चौकोनी ठिपक्यांची चटई असते. एका ठिपक्यात जेवढी जमीन मावते तिचा सगळा मिळून एकच रंग, एकच आकडा. त्याच्या आतले त्याला वेगळे दिसत नाही. पिकांच्या पाहणीला उपयोगी पडलेला पहिला मोठा उपग्रह अमेरिकेचा लँडसॅट. तो जुलै १९७२ मध्ये सुटला. त्याचा ठिपका सुमारे ८० मीटर बाजूचा होता. आपल्या मापात सांगायचे तर ६३ गुंठे, दीड एकराहून अधिक. त्या उपग्रहाच्या चित्रांवरून १९७४ ते १९७७ या काळात अमेरिकनांनी परदेशांतल्या गव्हाचे अंदाज बांधण्याचा मोठा प्रयोग केला. रशियाने १९७२ मध्ये गुपचूप धान्य खरेदी करून बाजार हलविला होता, त्याची ती धास्ती होती. सोव्हिएत रशियातील सामुदायिक शेतीचे एकेक शेत शेकडो एकरांचे असल्यामुळे तिथे दीड एकराचा ठिपका चालून गेला. घोटीत मात्र दीड एकराच्या एका ठिपक्यात चार भावांची वाटणी, दोन बांध, एक विहीर आणि सादडीचे झाड सहज मावते.

आपल्या देशाचा आय.आर.एस.-१ए हा उपग्रह मार्च १९८८ मध्ये सुटला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका साडेबहात्तर मीटरचा, दुसऱ्याचा सव्वाछत्तीस मीटरचा होता. दुसऱ्याचा हिशेब केला तर १३ गुंठे. पुढे १९९५ च्या आय.आर.एस.-१सी वर साडेतेवीस मीटरचा कॅमेरा आला; हे साडेपाच गुंठे झाले. आणि युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहाचा ठिपका १० मीटर बाजूचा आहे. या मालिकेतला पहिला उपग्रह जून २०१५ मध्ये व दुसरा मार्च २०१७ मध्ये सुटला, आणि त्यांची चित्रे कोणालाही फुकट मिळतात. १० मीटर गुणिले १० मीटर म्हणजे १०० चौरस मीटर, आणि आपला एक गुंठा १०१ चौरस मीटरांचा. थोडक्यात, आज उपग्रहाचा ठिपका गुंठ्याएवढा झाला आहे. त्रेसष्ट गुंठ्यांवरून एका गुंठ्यावर यायला त्रेचाळीस वर्षे लागली.

तरीही घाई करू नये. पाच गुंठ्यांचे एक खाचर घ्या, २० मीटर रुंद व २५ मीटर लांब. उपग्रहाची चौकट काही आपल्या बांधाला लावून आखलेली नसते. त्यामुळे त्या खाचरात पूर्ण बसणारे ठिपके बहुधा एक किंवा दोनच निघतात. बाकीचे सगळे बांधावर पडतात. अर्धे आपल्या भाताचे, अर्धे शेजाऱ्याचे. शेजाऱ्याचाही भातच असेल तर बिघडत नाही. दारणेच्या खोऱ्यात सपाटीवर खाचराला खाचर लागून आहे, तिथे भाताखालचे एकूण क्षेत्र उपग्रह चांगले सांगू शकतो. पण जिथे एका अंगाला भात, दुसऱ्या अंगाला गवताचा माळ आणि वर वरकस जमिनीत नागली, तिथे ठिपक्यात खिचडी होते. महाराष्ट्रात २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे सरासरी खातेदाराकडे १.३४ हेक्टर जमीन आहे. आणि डोंगराकडच्या गावांत तीही एका जागी क्वचितच असते.

आता रंगाकडे वळू. मी मागच्या वर्षी ऑक्टोबरमधील आमच्या शिवाराचे एक चित्र संगणकावरून छापून घरी नेले होते. चुलत्यांनी ते हातात धरून उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “हे सगळं लाल काय रे? करपा पडलाय का गावावर?” त्यांचा प्रश्न रास्त होता. असल्या चित्रांत हिरवे पीक लाल दाखविण्याची प्रथा आहे. कारण असे की, पान सूर्याच्या तांबड्या प्रकाशाचा बराचसा भाग स्वतःच्या अन्नासाठी शोषून घेते, आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा अवरक्त प्रकाश मात्र मोठ्या प्रमाणात परत फेकते. हा अवरक्त प्रकाश कागदावर दाखवायचा तर त्याला कोणता तरी रंग उसना द्यावा लागतो. तो लाल दिला जातो. जितके पीक तजेलदार तितका लाल गडद. काकांना हे पटले, पण ‘तुमच्या कॉलेजात हिरवा रंग संपला होता काय’ हे त्यांनी ऐकवलेच.

या दोन प्रकाशांच्या फरकावरून एक साधा निर्देशांक काढतात. अवरक्तातून तांबडा वजा करायचा आणि त्याला दोहोंच्या बेरजेने भागायचे. समजा जोमदार भाताने अवरक्त ४५ टक्के परतविला व तांबडा ५ टक्के; तर ४० भागिले ५०, म्हणजे ०.८. नांगरलेल्या जमिनीने २५ व २० टक्के परतविले, तर ५ भागिले ४५, म्हणजे ०.११. शेतावर काही हिरवे आहे की नाही आणि ते किती जोमाचे आहे, हे या एका आकड्याने कळते. मात्र ते भात आहे की गवत, हे एका दिवसाच्या आकड्याने कळत नाही. त्यासाठी हंगामभर पाहत राहावे लागते, आणि तिथेच आपल्या भागात गाडे अडते.

कारण पाऊस. इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून सिन्नरकडे निघालात तर पन्नास-साठ किलोमीटरांत तो इतका उतरतो की पलीकडे बाजरी लागते. आमच्याकडे भात लावला जातो जुलैत आणि पोसतो ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे नेमका ढगांच्या दिवसांत. जुलैतले सेंटिनेल-२ चे चित्र काढून पाहावे तर घोटी गावच नाही. पिंजलेला कापूस पसरावा तसा सगळीकडे ढग. दर पाच दिवसांनी उपग्रह येतो, पाहतो आणि ढगांचे छायाचित्र घेऊन जातो. पंजाबचा गहू थंडीच्या निरभ्र आकाशाखाली वाढतो, म्हणून त्याचा नकाशा आपल्या देशात लवकर साधला. १९८० नंतरच्या दशकात इस्रो व कृषी खात्याने पिकांचे क्षेत्र व उत्पादन उपग्रहावरून काढण्याचा कार्यक्रम हाती घेतला. त्यातही खरिपातला भात ही अवघड परीक्षा ठरली.

या अडचणीवर उपाय निघाला तो रडारचा. रडारचा उपग्रह सूर्यप्रकाशावर अवलंबून नसतो. तो स्वतःच सूक्ष्म लहरी खाली सोडतो आणि त्यांतल्या किती परत येतात ते मोजतो. या लहरी काही सेंटिमीटर लांबीच्या असल्याने ढगातून आरपार जातात. रात्र असो की आषाढातली झड असो. आपला रिसॅट-१ एप्रिल २०१२ मध्ये सुटला, युरोपचा सेंटिनेल-१ एप्रिल २०१४ मध्ये. दोहोंच्या लहरी साधारण साडेपाच सेंटिमीटरांच्या. सेंटिनेल-१ बारा दिवसांनी त्याच वाटेने परत येतो, म्हणजे जुलै ते ऑक्टोबर या काळात आपल्या शिवाराची दहाएक चित्रे हमखास मिळतात.

आणि मौज अशी की भाताइतके रडारला सहज ओळखू येणारे दुसरे पीक नाही. याचे कारण आपली आवणी. चैत्र-वैशाखात राब भाजला, जूनच्या पावसावर त्यात बी टाकले, दाढ वर आली की खाचरात पाणी कोंडून चिखलणी केली आणि रोपे लावली. त्या दिवशी खाचर म्हणजे पाण्याचा आरसाच असतो. रडारच्या लहरी तिरप्या येतात, आरशावर आपटतात आणि पलीकडे निघून जातात. उपग्रहाकडे काहीच परत येत नाही. चित्रात खाचर काळेकुट्ट दिसते. पुढे फुटवे येऊ लागले की लहरी पाण्यावरून चुडांवर आणि चुडांवरून पाण्यावर अशा उड्या मारून परत फिरतात. खाचर करडे होते, मग पांढुरके होत जाते. पोटरीपर्यंत हा उजळपणा वाढतो आणि मग थबकतो. आधी अंधार, मग सहा-आठ आठवड्यांत चढता उजेड: ही भाताची सही. जमीन कोणत्या आठवड्यात काळी झाली यावरून आवणी केव्हा झाली तेही कळते. यात हळवा, निमगरवा व गरवा यांचा भेदही काही प्रमाणात निघू शकतो, कारण गरवा उशिरापर्यंत उभा राहतो.

मला या साऱ्या विद्येत हीच गोष्ट सर्वांत आवडली. इर्ले पाठीवर घेऊन बायाबापड्या दिवसभर वाकून जे करतात, तेच आकाशातून वाचण्याजोगे अक्षर ठरते.

धरणाचा फुगवटा या सहीला फसवील असे वाटते, पण तसे होत नाही. दारणा, मुकणे, भावली यांचे पाणी जुलैत चढते आणि पुढे काळेच राहते. ते उजळत नाही. फसवतो तो सखल पडीक तुकडा, ज्यात पावसाचे पाणी साचते आणि नंतर लव्हाळे माजते. त्याची सही भातासारखीच असते. आणि फसवतो डोंगर. रडार तिरपे पाहत असल्याने त्याच्याकडे तोंड केलेला उतार चित्रात आखडून चकाकतो व पाठीमागचा उतार सावलीत बुडतो. कळसूबाईच्या रांगेच्या पायथ्याची खाचरे वाचताना म्हणूनच डोळ्यांत तेल घालावे लागते.

नागली आणि वरई यांची गोष्ट वेगळी. नागलीचीही रोपे लावतात, पण उतारावर, पाणी न कोंडता. मग आरसा नाही, अंधार नाही, सही नाही. शेजारी गवत उभे असते, ते रडारला जवळपास तसेच दिसते. दसऱ्याच्या सुमारास ढग निवळले की प्रकाशावर चालणाऱ्या उपग्रहाला थोडी संधी मिळते. त्या वेळी खुरासणी पिवळी फुललेली असते, तिचा रंग गवताहून निराळा पडतो. नागली मात्र तेव्हा पिकू लागलेली असते आणि गवतही पिवळत असते. डोंगरातल्या ठाकर आणि महादेव कोळी घरांचे वर्षाचे अन्न ज्या पिकावर, नेमके तेच पीक नकाशावर ‘इतर’ या खान्यात जाते. नाशिकच्या किंवा दिल्लीच्या टेबलावर तो खाना बिनमहत्त्वाचा वाटू शकतो. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तरी उतारावरची नागली त्यामुळे उपग्रहाला जास्त दिसू लागली असे नाही.

एवढे झाले ते क्षेत्राचे. उत्पन्न हा त्याहून कठीण प्रश्न आहे, आणि त्याचा इतिहास एका मराठी माणसापाशी येऊन थांबतो. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मले. फर्ग्युसनमध्ये शिकून लंडनला गेले, संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवून परतले आणि १९४० पासून दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत काम करू लागले. त्या काळी पिकाचा अंदाज म्हणजे अधिकाऱ्याने बांधावर उभे राहून नजरेने सांगितलेले आणे. सुखात्म्यांनी त्याऐवजी चिठ्ठी टाकावी तशी यदृच्छेने शेते निवडायची, त्यांतही यदृच्छेने तुकडा आखायचा, तो कापून, मळून, तोलून पाहायचा, ही पद्धत देशभर रुजविली. आज गावात होणारे पीक कापणी प्रयोग हे त्याच परंपरेतले. तुकडा साधारणतः १० मीटर लांब व ५ मीटर रुंद.

तुकडा केवढा घ्यावा यावरून त्यांचा कलकत्त्याच्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी मोठा वाद झाला. महालनोबिस म्हणत, लहान लहान वर्तुळे पुष्कळ कापावीत, काम लवकर होते. सुखात्म्यांनी दाखविले की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून येते. कारण काठावरचा चूड आत धरायचा की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात त्याला आत ओढतो. दोन फूट त्रिज्येचे वर्तुळ घ्या: क्षेत्र साडेबारा चौरस फूट आणि काठही साडेबारा फूट. दर चौरस फुटामागे एक फूट काठ! १० मीटर बाय ५ मीटरच्या तुकड्यात हेच प्रमाण एक पंचमांशाहून कमी पडते. वाद भाताच्या चुडांचा होता, पण मला तो उपग्रहाच्या ठिपक्यांशी अगदी जुळणारा वाटतो. तिथेही लहान खाचराला काठ फार आणि पोट थोडे, आणि सगळी गडबड काठावरच होते.

उपग्रहावरून उत्पन्न काढतात ते असे: पिकाचा जोम, आवणीची तारीख, पाऊस, तापमान यांवरून धान्य किती धरले असावे याचे गणित मांडायचे, आणि ते कापणी प्रयोगांच्या आकड्यांवर पारखून घ्यायचे. दिल्लीतील महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र २०१२ पासून देशपातळीवरचे असे अंदाज करते. आपल्या राज्यात नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र अशी कामे पाहते. पण उपग्रह दाणा पाहत नाही. तो पान पाहतो. सप्टेंबरअखेर हिरवेगार दिसलेले खाचर परतीच्या पावसात आडवे झाले, किंवा कापून ठेवलेल्या भाताला चिखलात कोंब फुटले, तर गणिताला त्याचा पत्ता उशिरा लागतो, कधी लागतही नाही.

याचा परिणाम कागदावर काय होतो ते काल्पनिक आकड्यांनी दाखवतो. विम्यात नुकसान एकेका शेताचे नव्हे तर महसूल मंडळाचे धरतात. मागील सात वर्षांतील चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून उंबरठा उत्पन्न ठरते. समजा ते हेक्टरी १६ क्विंटल आहे. यंदा कापणी प्रयोगांत १२ क्विंटल भरले. तूट चार, म्हणजे २५ टक्के. तेवढ्या प्रमाणात भरपाई. आता उपग्रहाच्या गणिताने १८ सांगितले आणि त्याला ३० टक्के वजन दिले, तर मिश्र उत्पन्न १३.८ होते, तूट २.२ आणि भरपाई पावणेचौदा टक्के. उलटही घडू शकते हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे: प्रयोगाचा तुकडा कोणीतरी चांगल्या खाचरात सरकविला असेल, तर आकाशातील साक्षच शेतकऱ्याच्या बाजूने पडेल. हातचलाखी उपग्रहाला करता येत नाही, हा त्याचा मोठा गुण आहेच. पण एका मंडळात घाटाखालची गावे आणि कोरड्या अंगाची गावे एकत्र आली की सरासरी कोणालाच नीट लागू पडत नाही, मग ती कोयत्याने काढा की उपग्रहाने.

म्हणून माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट आकाशात नाही, जमिनीवर आहे. उपग्रहाला ‘हा भात’ असे शिकवायचे तर अमुक ठिकाणी अमुक तारखेला भात होता, असे शेकडो खात्रीचे दाखले द्यावे लागतात. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाचा फोटो घ्यायचा, त्याबरोबर जागेचीही नोंद होते. असा प्रत्येक खरा फोटो हा उपग्रहाचा धडा आहे, आणि ‘कशाला चढायचे’ म्हणून घरामागे काढलेला फोटो हा खोटा धडा. अडचणी खऱ्या आहेत: वाडीवर रेंज नाही, सातबारा पाच जणांचा सामाईक, मोबाइल मुलाकडे आणि मुलगा सातपूरला कारखान्यात. एकाच गटात खाली भात, मधे नागली, कडेला खुरासणी, आणि नोंद मात्र एकट्या भाताची होते.

यात आपल्या वर्गातील मुलामुलींना करता येण्याजोगे काम आहे. प्रत्येकाने आपल्या वाडीतील दहा खाचरे आणि दहा नागलीचे तुकडे निवडून आवणीची तारीख, वाण, फुटव्याची उंची, कापणीची तारीख वहीत लिहावी. तुकडे निवडताना रस्त्याकडेचेच घेऊ नयेत, सुखात्म्यांच्या रीतीने चिठ्ठ्या टाकाव्यात. सेंटिनेलची चित्रे फुकट आहेत आणि भारत व अमेरिकेचा निसार हा नवा रडार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला आहे. त्याच्या दोन लहरींपैकी एक सुमारे २४ सेंटिमीटर लांबीची आहे. ती पानांच्या दाटीतून अधिक खोल उतरते. उतारावरची नागली आणि गवत यांतला फरक तिला ओळखता येतो का, हे ताडून पाहायला घोटीच्या वरच्या डोंगरांइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही. वह्या मात्र आवणीच्या आधी, जूनमध्येच घालाव्या लागतील.